काचेपुढची काच

कॅमेऱ्याचं बिल करता करता दुकानदार हमखास विचारतो, "वरून यूव्ही फिल्टर टाकू ना?" घेणाराही बहुतेक वेळा मान हलवतो. हजारो रुपयांच्या लेन्सला दोन-अडीचशेची काच लावून संरक्षण मिळत असेल तर नको कोण म्हणेल? आपल्याकडे नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक वर्षभर निघत नाही, टीव्हीच्या रिमोटला कव्हर असतं आणि मोबाइलला टेम्पर्ड ग्लास तर दुकानातच लागते. लेन्सपुढे काच लावणं हे त्याच सवयीतलं. पण रिमोटमधून कुणी जग पाहत नाही. लेन्समधून पाहतो. तिच्यापुढे जे काही लावाल ते प्रत्येक फोटोत उतरतं. म्हणून हा प्रश्न पाच मिनिटं थांबून विचार करण्यासारखा आहे.

मी भाषेचा शिक्षक आहे. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. फोटोग्राफी हा माझा पेशा नाही. तरीही या विषयात मला उतरावं लागलं ते आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीमुळे. बारावीनंतर ती मेंदीचं काम करायची. मेंदीच्या निमित्ताने लग्नघरातल्या बायकांच्या बाजूला तिचा वावर. तिथे तिने एक गोष्ट पाहिली. मर्दान्यात दोन-दोन फोटोग्राफर, ड्रोन, लाइट, आणि जनान्यात कुणीच नाही. परक्या पुरुषाला आत घ्यायचं नाही, म्हणून नवरीचे फोटो मावसबहिणीच्या मोबाइलवर. अर्धे हललेले, अर्धे अंधारलेले. मुलीने ठरवलं, हे काम आपण करायचं. तिच्या अम्मीने दोन वर्षं भिशी भरली होती. अब्बा मोंढ्यात हमाली करतात. भिशीच्या त्या पैशांतून जुना कॅनन आला, त्यावरची १८-५५ लेन्स आली आणि एक नवी ५० एमएमची लेन्स आली. हातात तीन हजार रुपये उरले. मग तिचा फोन आला. "सर, फिल्टर कोणता घेऊ? दोनशेवाला की दोन हजारवाला?" मागून अम्मीचा आवाज ऐकू आला, "इत्ते पैसे काच को?"

तिची कल्पना नवी वाटते, पण आपल्याच मुलखात ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला होता. पडद्यातल्या बायकांचे फोटो तिथे बाईच काढायची. केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई तो स्टुडिओ चालवत. तेव्हा ही सोय अमीर-उमरावांच्या बेगमांसाठी होती. आता हमालाची मुलगी मजुराच्या मुलीचे फोटो काढते, एवढाच फरक. मला तो फरक मोठा वाटतो. म्हणून तिच्या प्रश्नाला "कोणताही घे बेटा" असं उत्तर देणं जमेना. मी वाचलं, विचारलं, तिच्यासोबत करून पाहिलं. आमच्या जिल्ह्यातली बरीच पोरं-पोरी आता या धंद्यात उतरली आहेत, त्यांच्यासाठी ते सगळं इथे लिहितो.

आधी नाव. यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, अतिनील किरण. ते डोळ्याला दिसत नाहीत, पण फिल्मला दिसायचे. डोंगरावर, समुद्रकाठी किंवा लांबचं दृश्य घेताना त्यांच्यामुळे फोटोत निळसर धूसरपणा यायचा. तो अडवायला यूव्ही फिल्टर निघाला. त्याचाच भाऊ स्कायलाइट, त्यात किंचित गुलाबी झाक. फिल्मच्या जमान्यात या काचांना काम होतं. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या समोर कारखान्यातच एक गाळणी बसवलेली असते, ती बहुतेक अतिनील प्रकाश अडवते. त्यामुळे आज यूव्ही फिल्टर लावला काय, न लावला काय, रंगात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. गावात जिथे आता फक्त ऑटो उभे राहतात त्या जागेला अजून लोक टांगा स्टँड म्हणतात, तसंच हे नाव उरलंय. तेव्हा यूव्हीच्या नावावर जास्त पैसे देऊ नका. काही कंपन्या आता सरळ 'प्रोटेक्टर' किंवा 'क्लिअर' म्हणून साधी काच विकतात. ते नाव जास्त प्रामाणिक आहे.

म्हणजे प्रश्न उरला साध्या काचेचा. ती प्रकाश जाऊ देते, पण सगळा नाही. हिशोब सोपा आहे, नववी-दहावीच्या मुलालाही जमेल. हवेचा अपवर्तनांक १, साध्या काचेचा साधारण १.५. दोन्हींची वजाबाकी ०.५, बेरीज २.५. भागाकार ०.२, त्याचा वर्ग ०.०४. म्हणजे काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला ४ टक्के परत फिरतो. काचेला दोन बाजू असतात, म्हणून जवळजवळ ८ टक्के. आता ८ टक्के प्रकाश कमी झाला तर फोटो किंचित काळपट होईल, कॅमेरा ते सांभाळून घेईल. नुकसान तिथे नाही. परत फिरलेला प्रकाश कुठे जातो, तिथे आहे. दिव्याचा प्रकाश लेन्समधून सेन्सरवर पडतो. सेन्सर चकचकीत असतो, तो थोडा प्रकाश मागे फेकतो. तो उलटा लेन्समधून बाहेर निघताना पुढच्या सपाट काचेवर आदळतो आणि पुन्हा आत येतो. फोटोत त्या दिव्याचं एक भूत उमटतं. फोटोग्राफर त्याला घोस्टच म्हणतात.

हे परावर्तन कमी करण्यासाठी काचेवर अतिशय पातळ थर चढवतात. त्यालाच कोटिंग म्हणतात. जर्मनीत झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली ही पद्धत बसवली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरिन ब्लॉजेट या बाईंनी १९३८ साली काचेवर साबणासारख्या पदार्थाचे, एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवून जवळजवळ न दिसणारी काच करून दाखवली. त्यांचे थर पुसले जायचे, पुढे टिकाऊ थर आले. आज चांगल्या मल्टिकोटेड फिल्टरमध्ये प्रत्येक बाजूचं परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येतं. ४ टक्के कुठे आणि अर्धा टक्का कुठे! दोनशेच्या आणि महाग फिल्टरमधला खरा फरक हाच आहे. बाकी डबी, सोनेरी अक्षरं, चकाकणारी रिंग, यांना किंमत देऊ नये.

दुकानात हा फरक ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. फिल्टर आडवा धरा आणि त्यात डोक्यावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंब पांढरं, लख्ख, आरशासारखं दिसलं तर काच कोरी आहे. मंद, हिरवं किंवा जांभळट दिसलं तर कोटिंग आहे. जितकं अंधुक तितकं बरं. मग फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवा. कागद पिवळा किंवा गुलाबी दिसू नये. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली मालही येतो, त्यामुळे नाव वाचून थांबू नका, ट्यूबलाइट पाहा. नांदेडच्या एका दुकानात आम्हाला 'मल्टिकोटेड' छापलेला फिल्टर दाखवला. त्यात ट्यूबलाइट इतकी स्वच्छ दिसली की केस विंचरता आले असते.

तिच्या कॅमेऱ्यावर आधीच्या मालकाने असाच एक फिल्टर ठेवला होता. पहिल्या निकाहाची ऑर्डर आठवड्यावर आलेली. आम्ही संध्याकाळी आमच्या घराच्या ओट्यावर दोन एलईडी बल्ब लावले, मध्ये माझ्या मुलीला ओढणी घेऊन बसवलं. फिल्टर लावून एक फोटो, काढून एक फोटो. पहिल्या फोटोत मुलीच्या गालावर एक हिरवट ठिपका आणि ओढणीवर दुसरा. दुसऱ्या फोटोत दोन्ही गायब. मग मी एका बल्बपुढे हात धरला, तर फिल्टर लावूनही त्या बल्बचा ठिपका गेला, दुसऱ्याचा राहिला. कोणता ठिपका कोणत्या दिव्याचा ते कळलं. ठिपका दिव्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, फोटोच्या मध्यबिंदूपलीकडे तितक्याच अंतरावर उमटतो. दिवा वर उजवीकडे, तर भूत खाली डावीकडे.

हात धरून दिवा ओळखण्याची ही रीत फार जुनी आहे. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत राहिलेले इब्न अल-हैसम (साधारण ९६५ ते १०४०) यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात असाच प्रयोग लिहून ठेवलाय. अंधाऱ्या जागेसमोर वेगवेगळ्या ठिकाणी दिवे ठेवायचे, मध्ये एक छिद्र. आत जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, उघडला की परत येतो. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि दिव्यांचे किरण एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्यांनी त्यावरून दाखवलं. युरोपात हा ग्रंथ लॅटिनमधून वाचला गेला. आपल्या मुलांना इब्न अल-हैसमचं नाव जलशात भाषणासाठी माहीत असतं. कधी ओट्यावर दोन बल्ब लावून ते वापरूनही पाहावं.

लग्नाच्या हॉलमध्ये दोन नाही, दोनशे दिवे असतात. स्टेजमागे एलईडीच्या माळा, वर झुंबर, बाजूला व्हिडिओवाल्याचा फोकस. दिव्यांच्या गर्दीत स्वस्त फिल्टर म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर हिरव्या ठिपक्यांची नक्षी. निकाह काही फोटोसाठी दुसऱ्यांदा होत नाही. हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला मैदानावर रात्री आकाशपाळण्याचा फोटो काढा, तेच दिसेल. पौर्णिमेच्या चंद्राचा काढा, काळ्या आभाळात फिकट दुसरा चंद्र दिसेल. चांदरातीला असा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर पडला तर रोजे किती झाले यावरच वाद व्हायचा. म्हणून रात्रीचा पहिला नियम: फोटोच्या चौकटीत दिवे असतील तर फिल्टर काढून खिशात ठेवा. चांगला मल्टिकोटेड असेल तर ठिपका खूप कमी होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही.

मग फिल्टर लावायचाच कशाला? आमच्या जिल्ह्यात त्याचंही उत्तर आहे. हिंगोली म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर शिजवलेली हळद शेतात, अंगणात वाळते, मग ढोलात घालून फिरवतात, पॉलिश करतात. तेव्हा जो पिवळा भुगा उडतो तो डोळ्यात, नाकात, कपड्यांत, सगळीकडे जातो. मोंढ्यात लिलावाच्या वेळीही तेच. त्यात वैशाखातला फुफाटा. लग्नसराई नेमकी याच दिवसांत. मांडवाबाहेर फोटो काढायचे, पोरं धावतायत, कुणीतरी गुलाबपाणी शिंपडतंय, एखादं लेकरू शिऱ्याचं बोट घेऊन थेट लेन्सकडे येतंय. अशा वेळी पुढची काच दिवसातून दहा वेळा पुसावी लागते आणि प्रत्येक पुसण्यात कोटिंगवर बारीक चरे पडायचा धोका असतो. ती पुसापुशी लेन्सऐवजी फिल्टरवर झालेली बरी. फिल्टर खराब झाला तर बदलता येतो. काही महागड्या लेन्स धूळ-पाण्यापासून बंदिस्त केलेल्या असतात, त्यांतल्या काहींच्या माहितीपत्रकात कंपनीच सांगते की बंदोबस्त पुरा व्हायला पुढे फिल्टर लावा. तिथे वाद नाही.

पण कॅमेरा पडला तर फिल्टर वाचवेल, या समजुतीवर फार विसंबू नये. लेन्सची पुढची काच जाड आणि मजबूत असते, फिल्टरची पातळ. जो धक्का लेन्सने सहज सोसला असता त्यात फिल्टर फुटतो, आणि कधी त्याचेच तुकडे लेन्सवर ओरखडे काढतात. कडेवर पडली तर फिल्टरची रिंग मार खाते आणि लेन्सचे आटे वाचतात, हा एक फायदा मान्य. बाकी पडण्याच्या धक्क्यापासून आतली भिंगं आणि मोटर यांचं रक्षण कुठलीही पुढची काच करत नाही. ठोकर, टेबलाची कड, गर्दीतला कोपर यांच्यापासून खरं संरक्षण देतो तो लेन्सचा हूड, म्हणजे पुढे लावायचं ते काळं प्लास्टिकचं गोल. तो धक्का खातो, बोटं दूर ठेवतो आणि वर बाजूच्या दिव्यांचा भलता प्रकाशही अडवतो. फिल्टर फोटोतून थोडं घेतो, हूड थोडं देतो. किंमत बऱ्याचदा फिल्टरपेक्षा कमी. तरी दुकानदार हूड लावू का असं आपणहून क्वचितच विचारतो.

आता माप. इथे बरीच पोरं गोंधळतात. लेन्सवर १८-५५ लिहिलंय म्हणून ५५ चा फिल्टर मागतात. तो आकडा फोकल लेंथचा. फिल्टरचं माप लेन्सच्या तोंडाशी शून्याला तिरकी रेघ मारलेल्या खुणेपुढे छापलेलं असतं, बऱ्याच झाकणांच्या आतल्या बाजूलाही असतं. कॅननच्या साध्या १८-५५ ला ५८ मिलिमीटर लागतो, त्यांच्याच ५० एमएम एसटीएमला ४९. दोन लेन्स, दोन मापं. मोठ्या मापाचा एकच फिल्टर घेऊन लहान लेन्सवर स्टेप-अप रिंगने बसवता येतो, पैसे वाचतात, पण मग बहुधा हूड बसत नाही. फिल्टरवर फिल्टर चढवू नये. चार परावर्तनं होतात आणि १८ वर फोटोचे कोपरे काळे पडू शकतात.

किंमत किती द्यावी? माझा ठोकताळा असा. लेन्स जितकी महाग तितका चांगला फिल्टर, आणि चांगला परवडत नसेल तर फिल्टरच नको. चार-पाच हजारांत जुनी मिळणाऱ्या किट लेन्सपुढे दोन हजारांची काच लावणं म्हणजे शेळी राखायला घोडा ठेवणं. दोनशेची काच लावणं त्याहून वाईट, कारण तिने लेन्सची सगळी कमाई खाल्ली. घेतलेला फिल्टर घरीच तपासा. वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, कॅमेरा स्टुलावर स्थिर ठेवा, टायमरवर फिल्टरसह आणि फिल्टरविना फोटो घ्या, कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करून पाहा. काच सपाट नसेल तर अक्षरं मऊ पडतात. लांब पल्ल्याच्या झूम लेन्सवर हे जास्त कळतं.

एक फिल्टर मात्र कामाचा आहे, फक्त त्याचं काम वेगळं: पोलरायझर. तो फिरवला की पाण्यावरची, ओल्या पानांवरची, काचेवरची चकाकी कमी होते. पावसाळ्यात औंढ्याच्या देवळाच्या भिजलेल्या दगडावरचं कोरीवकाम त्याने उठून दिसतं, सिद्धेश्वर धरणाच्या काठावर पाण्याखालचे दगड दिसतात. बदल्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो, म्हणून मांडवात किंवा हॉलमध्ये तो कायमचा लावून ठेवू नये. काही जुन्या किट लेन्सचं तोंड फोकस होताना फिरतं, तिथे आधी फोकस करावा आणि मग फिल्टर फिरवावा.

मला स्वतःला पोलरायझर लागला तो कागदांसाठी. २०२३ साली मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाला गावात एकदम किंमत आली. ज्यांनी कधी उर्दूकडे पाहिलं नव्हतं ते शेजारी आजोबांचे कागद घेऊन दारात उभे. "गुरुजी, हे काय लिवलंय बघा की." शिकस्ता लिपी, उडालेली शाई, घडीवर फाटलेला कागद. फोटो काढून मोठा केला तरच वाचता येतो. काही जणांनी प्रेमापोटी कागद लॅमिनेट केलेले, त्यावर ट्यूबलाइट अशी चमकते की नेमकं नावच दिसत नाही. तिथे पोलरायझर कामी आला. नसेल तर दुसरा उपाय आहे: समोरचा दिवा बंद करायचा, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून उजेड पाडायचा, कॅमेरा बरोबर वरून धरायचा आणि लेन्सवरची यूव्हीची काच काढायची. एका अक्षराने एखाद्या घरातल्या मुलांचं दाखल्याचं काम होतं किंवा अडतं, तिथे काचेचा मऊपणा परवडत नाही. आणि आता माझ्याकडून उर्दू वाचून घेणारे बहुतेक हात मराठा शेतकऱ्यांचे आहेत, हे मला मनापासून आवडतं.

निगेच्या चार गोष्टी. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी मायक्रोफायबरचं कापड. ओढणीचं टोक, रुमाल, शर्टाचा खालचा भाग, तिन्ही नको. हळदीचा भुगा ओल्या कापडाने पुसायला गेलात तर आधी लेप होतो. पावसाळ्यात रात्री कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल भरून घेतली असं समजा. ठेवताना फिल्टर काढून ठेवावा, दोन काचांच्या मध्ये ओल अडकू शकते आणि बुरशीला तेवढं पुरतं. फिल्टर अडकून बसला तर पक्कड लावू नका. जोरात दाबल्याने रिंग लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. रिंगभोवती जाड रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. नाहीच निघाला तर स्वच्छ धुतलेल्या हवाई चपलेच्या रबरावर रिंग सपाट टेकवून कॅमेरा हळूच फिरवा. हसू नका, निघतो.

मोबाइलवाल्यांसाठीही हेच सगळं लागू आहे. कॅमेऱ्यावर चिकटवायची जी चकती मिळते ती कोरी असेल तर रात्रीच्या फोटोत तेच ठिपके आणि धुरकटपणा. आणि बोटांचे डाग पुसले तर निम्मे फोटो आपोआप सुधारतात.

आता त्या मुलीच्या तीन हजारांचं काय झालं ते सांगतो. जुना यूव्ही फिल्टर काढून तिने फडताळात टाकला. दोन्ही लेन्सना हूड घेतले. ५० च्या लेन्ससाठी ४९ मापाचा एक मध्यम किमतीचा मल्टिकोटेड क्लिअर फिल्टर घेतला, बाहेरच्या धुळीसाठी. ब्लोअर आणि कापड. १८-५५ ला काहीच नाही. उरलेल्या पैशांत मी तिला दुसरं मेमरी कार्ड घ्यायला लावलं. कारण लेन्सवर ओरखडा आला तर फोटोत बहुतेक वेळा दिसतही नाही, पण कार्ड बिघडलं तर अख्खा निकाह जातो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती तिला तिच्या अम्मीने सांगितली. जनान्यातले फोटो ही अमानत आहे. बायका तुझ्यासमोर डोक्यावरचा पदर सैल करतात, हसतात, नाचतात, ते तू मुलगी आहेस म्हणून. ते फोटो इन्स्टाग्रामवर नमुना म्हणून जाणार नाहीत, लॅपटॉप दुरुस्तीला देताना त्यात राहणार नाहीत, मर्दान्यातल्या व्हिडिओवाल्याच्या पेनड्राइव्हवर 'एकत्र करायला' जाणार नाहीत. तिने नियमच केला आहे. नवरीच्या घरच्यांना हार्ड डिस्कवर प्रत द्यायची, त्यांनी पाहून 'मिळाले' म्हटलं की दोन्ही कार्डं त्यांच्यासमोर पुसायची. नमुना दाखवायला तिने स्वतःच्या बहिणीचे, तिच्या परवानगीने काढलेले फोटो ठेवले आहेत.

पहिल्या निकाहाचे पैसे आले तेव्हा तिने अम्मीची पुढची भिशी स्वतः भरली. परवा तिचा पुन्हा फोन होता. आता तिला फ्लॅश घ्यायचाय, आणि दुकानदार म्हणतो त्यावरही एक पांढरं टोपण लावावं लागतं, ते लावू की नको? मी म्हटलं, बेटा, रविवारी ये, ओट्यावर लावून बघू.